अभ्यास दौऱ्यास हार्दिक शुभेच्छा

संघप्रिया घरात आल्यापासून एक शब्दही बोलली नव्हती. डोक्यावर पंखा फिरत होता. स्वयंपाकघरात तिच्या सासूबाई, मुक्ताबाई, चटणीसाठी शेंगदाणे कुटत होत्या. जिन्याखालच्या दुकानात फ्लेक्स छापायचे यंत्र कुणाच्या तरी वाढदिवसाचे निळे आभाळ ओळीओळीने बाहेर ओकत होते. या सगळ्या आवाजांना न जुमानता तिची शांतता सांडलेल्या शाईसारखी खोलीभर पसरत चालली होती, आणि रत्नदीप खुर्चीत पाय वर घेऊन बसला होता, जणू ती तळव्यांना लागेल.

आधी त्याने कौतुकाची वाट पाहिली. कॉलेजातून परतताना ती चौकातच रिक्षातून उतरायची. म्हणजे फ्लेक्स तिने पाहिला असणार. मग त्याने रागाची वाट पाहिली. रागाची त्याला सवय होती. रागाला तोंड असते, त्याच्याशी भांडता येते. पण ती खिडकीशी उभी राहून पलीकडच्या गच्चीवर वाळत घातलेल्या कुणाच्या तरी चादरींकडे पाहत राहिली, आणि त्या चादरींचाही त्याला राग येऊ लागला.

"बघितलास का चौकात?" शेवटी त्यानेच विचारले.

"त्या शहरात असला डोंगर नाही," ती म्हणाली.

"काय?"

"माझ्या फोटोच्या मागं जो डोंगर लावलाय तुम्ही, तो त्या शहरात नाही. त्या देशातही नाही. खंडाच्या पार दुसऱ्या टोकाला आहे तो."

"दक्षिण अमेरिका टाकलं तर तोच आला पहिला. आपल्या चौकात कुणाला कळणाराय?"

"मला कळतंय. मी भूगोल शिकवते."

स्वयंपाकघरातले कुटणे थांबले. "डोंगर चांगला हाय की गं," मुक्ताबाई आतूनच म्हणाल्या. "हिरवागार. हितं कुटं बघायला मिळतोय असला?"

सोलापुरातल्या बुधवार पेठेच्या या वस्तीत जे काही घडे ते रत्नदीपच्या यंत्रातून गेल्याशिवाय घडले असे कुणी मानत नसे. पोरगा बारावी पास झाला, भाऊ पोलिसात लागला, कुणाची कुठल्या समितीवर निवड झाली, कुणी वारले; आधी फोटो रत्नदीपकडे यायचा, मग बातमी वस्तीत फिरायची. माणसाचा चेहरा गर्दीच्या फोटोतून कापून काढून त्याच्यामागे सूर्योदय लावायचा, ही त्याची कला होती. त्या कलेने त्याने आज बायकोला चौकात उभे केले होते. वर महापुरुषांची रांग. खाली, पुतणीच्या लग्नातल्या फोटोतून कापलेली संघप्रिया. कानापाशी दुसऱ्या कुठल्या बाईच्या खांद्याची जांभळी कड राहून गेलेली. त्याखाली सोनेरी अक्षरांत 'वस्तीची शान, प्राध्यापिका संघप्रिया मॅडम यांच्या दक्षिण अमेरिका अभ्यास दौऱ्यास हार्दिक शुभेच्छा'. आणि सगळ्यांत खाली शुभेच्छुकांचे बावीसेक चेहरे, त्यांत कानाला मोबाईल लावलेला तो स्वतः.

"कुणाला सांगायचं नाही असं ठरलं होतं आपलं," ती म्हणाली.

"मी कुणाला सांगितलं? फ्लेक्स लावला."

हे तो प्रामाणिकपणे म्हणाला होता. सांगणे म्हणजे एकाच्या कानाशी लागणे. फ्लेक्स म्हणजे हवापाणी. तिने त्याच्याकडे वळून पाहिले, आणि त्या पाहण्यात तिरस्काराइतकेच कुतूहल होते, एखाद्या अनोळखी प्राण्याकडे पाहावे तसे.

दिवाळीनंतर ती वेळापूरला भावाकडे गेली होती आणि महिना होऊन गेला तरी परतली नव्हती. भांडण म्हणावे असे काहीच झाले नव्हते. तेच तर रत्नदीपला सांगता येत नव्हते कुणाला. मारहाण नाही, दारू नाही, दुसरी बाई नाही. वस्तीत त्याने ती प्रशिक्षणाला गेल्याचे सांगून टाकले. शेवटी तो आणायला गेला तेव्हा भावाच्या अंगणात तिने एवढेच म्हटले होते, "लग्नाला पंधरा वर्षं झाली. एक जेवण आपण दोघं असं जेवलेलो नाही. दार उघडं असतं आणि कुणीतरी आत येतंच. मला एक आठवडा तुमच्याबरोबर काढायचाय, जिथं तुम्हाला कुणी ओळखत नाही अशा गावात. मग मी ठरवीन राहायचं की नाही." एवढे बोलून ती त्याच्याबरोबर परत आली होती. त्या अटीवर आली होती, हे दोघांनाही पक्के ठाऊक होते.

गाव तिनेच शोधले, दक्षिण अमेरिकेतले. मोंतेविदेओ. हेच का, असे त्याने विचारले तेव्हा ती म्हणाली होती, "तिथं धावत जाऊन पाहावं असं फारसं काही नाही, म्हणून." समुद्रासारखी एक नदी, जिचा पलीकडचा काठ दिसत नाही, पाणी आपल्या भीमेसारखेच गढूळ. तिच्या कडेने मैलोन्‌मैल एक फरसबंद वाट. माणसे काखेत गरम पाण्याचा थर्मास मारून त्या वाटेने चालतात, कठड्यावर बसतात, कसलासा कडू चहा नळीने ओढत पाण्याकडे पाहत राहतात. मे महिन्यात, सोलापूरचा रस्ता तव्यासारखा तापलेला असताना, तिथे थंडीला सुरुवात झालेली असते. मग आपण काय करायचे, असे त्याने विचारले होते. "डोळे उघडतील तेव्हा उठायचं. चालायचं. भूक लागली की खायचं. बोलावंसं वाटलं तर बोलायचं. ठरवायचं काहीच नाही."

त्याने मान डोलावली होती, आणि त्या घटकेपासून ते न पाहिलेले शहर त्याच्या मनात शत्रूसारखे ठाण मांडून बसले होते. कार्यक्रमपत्रिका छापण्यात त्याचे आयुष्य गेले होते. ज्या दिवसाला उद्घाटक नाही, प्रमुख पाहुणे नाहीत, आभारप्रदर्शन नाही, असा दिवस माणसाच्या अंगावर किती उघडावाघडा येत असेल, या कल्पनेनेच तो उठून खाली यंत्रापाशी जाऊन उभा राही. त्या कठड्यावर, त्या गढूळ पाण्यासमोर, कुणाचाही फोन येणार नाही अशा वेळी, ती तोंड उघडेल आणि काय म्हणेल?

"आणि अभ्यास दौरा कसला?" ती विचारत होती. "कोण अभ्यास करणाराय? कशाचा?"

"मग काय लिहू? मॅडम नवऱ्याला घेऊन नदीकाठी बसायला चालल्यात?"

"हो. तेच तर करणार आहोत आपण."

"वस्ती हसंल."

"हसू दे."

"तुला काय जातंय हसू दे म्हणायला. तू सकाळी जातीस कॉलेजला. हितं तोंड मला दाखवायचंय." तो खुर्चीतून उठला. "आपल्यातलं माणूस विमानात बसतं ते शिकायला, प्रिया. मोठं व्हायला. परत येऊन चार पोरांना वर ओढायला. सगळ्यांना तसंच वाटतं, आणि वाटलंच पाहिजे. मजा मारायला जाणारी दुसरी असतात."

"आपण कधीच नाही का?"

"काय कधीच नाही?"

"नुसतं बसायचं." तिचा आवाज वाढला नव्हता, उलट तो खाली गेला होता, आणि म्हणूनच त्याला तो नकोसा वाटला. "तुमच्या आजोबांनी गिरणीत उभं राहून काढलं. आई दुसऱ्यांच्या शेतात वाकून. माझ्या बापानं शिकताना झोप घेतली नाही, मला शिकवताना घेतली नाही. आपल्या कुणाच्या वाट्याला असा एक तरी रिकामा दिवस आला का, ज्याचा कुणाला हिशेब द्यावा लागला नाही? मला तो पाहिजे होता. तुमच्याबरोबर पाहिजे होता."

"भाषण छान करतीस," तो म्हणाला. "आल्यावर करायचंच आहे."

तिने ते ऐकले. "आल्यावर म्हणजे?"

मुक्ताबाई पदराला हात पुसत दारात येऊन उभ्या राहिल्या होत्या. "आमाला न्हाय बाई असलं बसणं जमलं कदी," त्या म्हणाल्या. "बसलं की पाटीत लाथ. आनी आता बसायला समुद्रापल्याड जायचं म्हनं. घरात पाट न्हाईत का बसायला?"

"तिथं तुम्ही नसता ना आई," संघप्रिया म्हणाली.

मुक्ताबाईंनी लेकाकडे पाहिले. लेक काहीतरी बोलेल म्हणून त्या थोड्या थांबल्या. त्याने पंख्याचे बटण एक घर पुढे केले. त्या आत गेल्या आणि शेंगदाणे पुन्हा कुटले जाऊ लागले, पहिल्यापेक्षा जोरात.

एवढ्यात जिन्यावर चपला वाजल्या आणि नेहमीप्रमाणे दार न वाजवता सिद्राम काका आत आले. काका वस्तीतल्या विहार समितीचे अध्यक्ष. पांढरा शर्ट, खिशाला दोन पेने, आणि कुठल्याही घरात आपल्याच घरासारखे शिरायचा हक्क त्यांनी कष्टाने आणि प्रेमाने मिळवलेला. वस्तीतली निम्मी पोरे त्यांनी फी भरून शाळेत टिकवली होती. त्यांच्यावर चिडता येत नसे, आणि हेच त्यांचे सगळ्यांत अवघड होते.

"मॅडम," ते हात जोडून म्हणाले, "लई अभिमान वाटला बघा चौकात. डोळं भरून आलं."

"बसा काका," संघप्रिया म्हणाली.

"बसत न्हाय. सांगून जातो. रविवारी सकाळी विहारात वंदना झाली की सत्कार. शाल, फुलं. दोन शब्द बोलायचं तुमी. आनी परत आल्यावर व्याख्यान ठेवलंय, तितली सामाजिक परिस्थिती. रत्नदीपनं सांगितलं न्हाय का? त्यानंच तर सुचवलं."

"सांगणारच होतो," रत्नदीप म्हणाला.

"आनी तितली काळजी करू नका. आमचा यशपाल हाय की, चिंचोळी एमआयडीसीत, टॉवेलच्या कारखान्यात. त्यांचा माल जातोय त्या गावाला. तितला माल घेणारा माणूस आपला झाला समजा. विमानतळावर गाडी घेऊन येतोय. सातच्या सात दिवस तो तुमाला फिरवनार. बंदर, म्युझियम, एक शाळा बी दाखवनार म्हनला. एक दिवस त्याच्या घरी जेवण. रत्नदीपनं सगळं लिहून दिलंय, कुटल्या दिवशी काय ते. मोकळा वेळ अजाबात ठेवला न्हाय पोरानं." काका हसले. "परक्या मुलखात आपलं कुनी नसलं की जीव घाबरा होतो. आता ती भीती न्हाय."

रत्नदीप जमिनीकडे पाहत होता. संघप्रिया त्याच्याकडे पाहत होती. त्या क्षणी त्याला जे वाटले ते पश्चात्तापासारखे नव्हते. चोरी करताना दिवा लागल्यावर माणसाला दिवा लावणाऱ्याचा राग येतो, तसले काहीतरी होते.

"कधी दिलंत लिहून?" तिने विचारले.

"झाले आठ-पंधरा दिवस."

"काका," ती वळून म्हणाली, आणि तिचा स्वर विलक्षण सभ्य झाला, "मी अभ्यासाला चालले नाही. बसायला चाललेय."

काका क्षणभर गोंधळले आणि मग मोकळेपणी हसले. "मॅडम चेष्टा करायल्यात. रत्नदीप, तुझी बायको लई विनोदी हाय रे. व्याख्यानात असंच बोला, लोकं झोपायची न्हाईत." जाता जाता ते दारात थांबले. "कडक भाकरी न्या बरोबर. चटनी न्या. त्या मानसालाबी द्या थोडी, आपलं नाव ऱ्हातंय."

त्यांच्या चपला जिन्याने खाली गेल्या. 

"त्यांना काय माहीत," रत्नदीप म्हणाला. "चांगल्या मनानं करतायत."

"त्यांच्याबद्दल मी कुठं बोलतेय."

"तुला लोकच नकोत. तुझं दुखणं ते आहे."

"माझं दुखणं तुम्हाला माहिताय. वेळापूरला सांगितलं होतं मी. अंगणात उभं राहून, एकेक शब्द." ती त्याच्या समोर आली. "तुम्ही घाबरता माझ्याबरोबर एकटं राहायला. एवढं सरळ सांगितलं असतं तर चाललं असतं मला. पण तुम्ही आख्खी वस्ती बरोबर घ्यायला निघालात."

"मी घाबरतो?" तो हसला, हसू कोरडे निघाले. "तुला? अगं, तुझ्याबरोबर सात दिवस गप्प बसायचं म्हणजे शिक्षाच की. इथं बसतो तसं तिथं बसायला चाललोय मी. तिकीट काढून."

बोलून झाल्यावर त्याला कळले की आपण हे बोलायला नको होते. पण छापून बाहेर पडलेला कागद परत यंत्रात जात नाही, आणि ती तर वाचूनही मोकळी झाली होती.

"ठीक आहे," ती म्हणाली. "एक करा. फ्लेक्स उतरवा. आत्ता. कुणी विचारलं तर खरं सांगा, एका वाक्यात. मग त्या टॉवेलवाल्याला फोन करून नको म्हणा. एवढं केलंत तर मी समजेन की तुम्ही येताय. नाही केलंत तर मी कुठंच जात नाही तुमच्याबरोबर. त्या गावाला नाही, आणि..." तिने वाक्य तिथेच सोडले. ते पुरे करायची गरज नव्हती.

तो खाली आला. दुकानातून शिडी घेतली, कटर घेतला. ती मागे चालत होती, चार पावलांचे अंतर राखून, आणि त्या चालण्यात पहारा होता. उन्हे उतरली होती, पण डांबर अजून उष्णता सोडत होते. चौकात भेळेच्या गाड्यांभोवती आणि चहाच्या टपरीपाशी संध्याकाळची गर्दी जमली होती. खांबावर संघप्रिया हसत होती. पुतणीच्या लग्नातले ते हसू होते. कुणीतरी विनोद केला असावा, आणि तो विनोद करणारा आपण नव्हतो, हे रत्नदीपला इतक्या महिन्यांनी आत्ता आठवले.

शिडी लावून तो वर चढला. पहिली दोरी कापली. फ्लेक्सचा एक कोपरा सुटून पुढे लोंबला आणि शुभेच्छुकांची रांग तिरकी झाली. टपरीवरचे बोलणे हळूहळू बंद पडले.

"काय रं, दौरा रद्द झाला का काय?" कुणीतरी खालून विचारले.

"बायकोनं नेत न्हाय म्हनून सांगितलं असंल," दुसरा म्हणाला. हशा पिकला.

"एवढी शान वाढली, पेलली न्हाय खांबाला."

रत्नदीपने दुसऱ्या दोरीला हात घातला. सिद्राम काका टपरीतून चहाचा ग्लास घेऊनच बाहेर आले. त्यांच्या मागे समितीचे दोघेतिघे.

"का काढायलास रे पोरा?" त्यांच्या आवाजात काळजी होती. "काय झालं?"

शिडीवरून सगळे चेहरे वर वळलेले दिसत होते. उभ्या आयुष्यात त्याने हेच चेहरे कापले, गोरे केले, रांगेत लावले होते. आज पहिल्यांदा ते सगळे एकाच वेळी त्याच्याकडे काहीतरी मागत होते. आणि त्यांच्या जरा बाजूला, औषधाच्या दुकानासमोर, हाताची घडी घालून संघप्रिया उभी होती. तीही मागत होती. एकच वाक्य. ते त्याच्या जिभेवर होते. आम्ही नुसते फिरायला चाललोय, काका, दोघंच. एवढेसे वाक्य, लहान मुलालाही पाठ व्हावे इतके सोपे. त्याने तोंड उघडले. खाली काकांच्या हातातल्या ग्लासातून वाफ निघत होती आणि ते त्याच्याकडे बापासारखे पाहत होते.

"लहान पडला, काका," तो म्हणाला. "दुप्पट करून लावतो. पार रस्त्याच्या त्या टोकाकडनं दिसला पाहिजे."

"हां, असं बोल की," काका म्हणाले. समितीतल्या एकाने टाळी वाजवली. टपरीवरचे बोलणे पुन्हा सुरू झाले. कुणीतरी म्हणाले, खालच्या रांगेत माझाबी फोटो घे यंदा, मागच्या वेळी राहिला. रत्नदीप वरूनच म्हणाला, घेतो की. उरलेल्या दोऱ्या त्याने भराभर कापल्या. फ्लेक्स घसरत खाली आला आणि शिडीच्या पायाशी स्वतःवरच दुमडून पडला.

तो उतरला. हात पॅन्टला पुसत तिच्याजवळ गेला आणि आवाज खाली आणून बोलू लागला, कारण आजूबाजूला माणसे होती.

"लोकांसमोर दुसरं काय बोलणार होतो मी? सांग तूच. काकांचं तोंड बघितलंस का? तुटलं असतं त्यांचं मन." ती त्याच्याकडे पाहत होती, पापणीही लवत नव्हती. "हे बघ, त्या माणसाला मी फोन करतो. रात्रीच करतो. नको म्हणतो. तिथं गेल्यावर आपण दोघंच, तुझ्या त्या नदीपाशी, तू म्हणशील तितका वेळ. इथलं इथं राहू दे ना. इथं कसंही दिसलं म्हणून काय बिघडतं? प्रिया. येणार ना आपण?"

काका ग्लास टपरीवर ठेवून त्यांच्याकडे येऊ लागले होते. तिने पदर खांद्यावर नीट केला, काकांना दुरूनच नमस्कार केला, आणि रत्नदीपच्या बाजूने, त्याचा धक्का लागणार नाही असे अंग चोरून, भेळेच्या गाड्यांच्या मधून रस्त्याकडे चालत गेली.